फ्रेमवाल्याच्या घरचा आवाज

बहिरा माणूस शांत असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी फ्रेमवाल्याच्या शेजारी महिनाभर राहून बघावं. माझी आणि त्याची भिंत एकच. सकाळी तो उठला की अख्ख्या मजल्याला कळायचं. दार धाडकन, बादली दणकन, खुर्ची फरशीवरून खरडत, पातेल्यावर झाकण आपटून. त्याला यातलं काही ऐकूच येत नाही, मग दोष तरी कोणाला द्यायचा? पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. तेव्हा मी उशी कानावर दाबून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नवऱ्याच्या माघारी मला उशिरा उठायची तेवढीच एक चैन उरली होती आणि ती या माणसाने मोडीत काढली होती.

मीही काही मूग गिळून बसणाऱ्यातली नव्हे. माझं आयुष्य बसस्थानकावर तिकीट खिडकीमागे ओरडण्यात गेलं. काचेला बोटभर भोक, बाहेर गर्दी, आत मी. निवृत्त झाले तरी तोंडाचा पट्टा तसाच चालू राहिला, फक्त ऐकायला कोणी उरलं नाही. मुलगा दूर असतो. आठवड्यातून एकदा फोन करतो आणि थोड्या वेळाने "बाकी काय" म्हणतो. "बाकी काय" म्हणजे आता फोन ठेव, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. मग मी दुधाच्या भांड्याशी बोलते, नळाशी भांडते. एकटी बाई काय करणार?

फ्रेमवाला जन्मापासून बहिरा, त्याची बायकोही तशीच. बहिऱ्या मुलांच्या शाळेत दोघांची ओळख झाली आणि पुढे लग्न. ती दोघं हातांनी बोलायची. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं टेबल दिसायचं. कधी इतकी गंभीर चर्चा चाललेली असायची की मला वाटायचं, जग बुडतंय की काय. भांडायचीही हातांनीच. बायकोला शेवटचा शब्द आपला हवा असला की ती सरळ दिवा घालवायची. अंधारात कोण उत्तर देणार? मी एकटीच खिडकीत उभी राहून हसायची आणि मग माझं मलाच कसंतरी व्हायचं, कारण माझ्याशी भांडायलाही कोणी नव्हतं.

त्यांची मुलगी रांगायला लागली आणि बायको तापाचं निमित्त होऊन गेली. मुलगीही बहिरीच होती. आईबापांचा दोघांचाही दोष एकाच जनुकातला, त्यामुळे ते ठरलेलंच होतं. नाव होतं तिला चांगलं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बायको गेल्यावर फ्रेमवाल्याशी बोलणारं जगात एकच माणूस उरलं आणि ते गुडघ्याएवढं होतं.

खाली रस्त्यावर त्याचं फोटोंना फ्रेम करायचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. भिंतीला लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या, कोपऱ्यात काचांचा रॅक, मधे टेबल आणि त्याच्यावर हिरवं जाड कापड. काच कापताना बाकीचे कारागीर कटरच्या चाकाचा आवाज ऐकतात, एकसारखी कर्र झाली की रेघ नीट बसली. हा बोटांनी ओळखायचा. डावा हात काचेवर पसरून ठेवायचा, उजव्याने रेघ ओढायचा, आणि मग टेबलाच्या कडेवर काच ठेवून जरासं दाबायचा. बापलेकीची दिवसभर चर्चा चाले. ती टेबलाखाली बसून हात वर काढायची, तो वाकून उत्तर द्यायचा. कुत्रा असा का झोपलाय, आई कुठे गेली, काचेतून पलीकडचं दिसतं मग काच दिसते कशी. हे मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर कळायला लागलं.

एके दिवशी मला दवाखान्यातून फोन आला. तुमच्या शेजाऱ्याच्या मुलीबद्दल बोलायचंय म्हणे. त्यांना ऐकणाऱ्या माणसाचा नंबर हवा होता, तर या महाशयांनी मला न विचारता माझा देऊन टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गेले त्याच्याकडे आणि फोन नाकासमोर नाचवला. त्याने हात जोडले, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहिलं, "दुसरं कोणी नाही." आता यावर काय भांडणार? गेले त्याच्याबरोबर.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगत. तिथे हातांनी सांगणारी दुभाषी मुलगीही होती. डॉक्टर म्हणाले, भिंगरीच्या कानाची रचना चांगली आहे. आवाज आतपर्यंत पोचतो. पण तिथून मेंदूच्या नसेकडे तो पुढे सरकवायला एक प्रथिन लागतं, आणि ते बनवायची कृती ज्या जनुकात असते तो जनुकच चुकीचा आहे. मी म्हटलं, म्हणजे खिडकीवर प्रवासी आलाय, पैसे दिलेत, पण आत तिकीट फाडणारं कोणी नाही. डॉक्टर हसले, म्हणाले, अगदी तसंच. आता त्या जनुकाची बिनचूक प्रत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरायची आणि बारीक नळीने आतल्या कानात सोडायची. तो विषाणू ती प्रत पेशींपर्यंत नेऊन पोचवतो. उपचार नवा आहे, थोड्या मुलांवर झालाय, खात्री कोणी देत नाही, पण बऱ्याच जणांना ऐकू यायला लागलंय.

मी विचारलं, मग याचं काय, बापाचं? डॉक्टर म्हणाले, सध्या आम्ही लहान मुलांनाच घेतोय. लहानपणी मेंदू आवाज शिकून घेतो, मोठेपणी ते अवघड. दुभाषी मुलीने ते त्याला सांगितलं. त्याने हात हलवून उत्तर दिलं आणि ती हसली. म्हणाली, ते म्हणतात, मी ऐकून काय करू, ऐकण्यासारखं बोलतंय कोण?

उपचार झाला. नंतर काही आठवडे काहीच नाही. आणि एक दिवस खाली रस्त्यावर ट्रकने भोंगा वाजवला तशी भिंगरी टेबलाखालून ताडकन उठली आणि डोकं टेबलाला आपटून घेतलं. फ्रेमवाल्याला कळेना ती का रडतेय. मी समोरच होते, मी त्याला कानाकडे बोट करून दाखवलं. तो खाली बसला आणि तिचे दोन्ही कान हातांत धरून कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.

गोष्ट इथे संपली असती तर सोन्याहून पिवळं. पण कान आले म्हणजे भाषा आली असं नसतं. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आम्ही त्यांना बोलबाई म्हणायचो. त्यांनी स्पष्ट सांगितलं की मुलीच्या कानावर दिवसभर बोलणं पडायला हवं. घरातलं, रोजचं, जेवताना, आंघोळ घालताना, रागावताना. आठवड्याला दोन तासांच्या शिकवणीने भाषा येत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत शब्द फुटायला लागले नाहीत तर हिला बोलत्या घरात ठेवावं लागेल. बोलतं घर म्हणजे भिंगरीची आजी, बायकोची आई. ती दुसऱ्या गावी राहायची, तिला चांगलं ऐकू यायचं आणि ती टपूनच बसली होती. तिच्या स्वतःच्या मुलीला लहानपणी कोणा शहाण्याच्या सांगण्यावरून हात बांधून बोलायला शिकवलं होतं. हात तोंडाला खातात, हातांनी बोलणारं पोर तोंडाने बोलत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते मत बदलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

फ्रेमवाल्याच्या घरात तर बोलणारं कोणीच नव्हतं. तो त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना बसमध्ये मुलीचा हात एवढा घट्ट धरून बसला होता की ती सारखी सोडवून घेत होती. मला वाटलं, आता हा मला म्हणेल, तुम्ही या बोलायला. पण त्याने विचारलं नाही. अभिमान होता गड्याला.

त्या आठवड्यापासून भिंतीपलीकडून एक नवीनच आवाज सुरू झाला. खरखर. सकाळी सुरू व्हायची ती दुपारी बापलेक दुकानात जाईपर्यंत, मग संध्याकाळी परत. मी दोन दिवस सहन केलं, चार दिवस केलं. शेवटी पदर खोचला आणि भांडायला गेले.

दार उघडंच होतं. टेबलावर कुठल्यातरी जुन्या बाजारातून आणलेला रेडिओ. दिवा पेटलेला, काटा कुठल्याच स्टेशनवर नाही, दोन स्टेशनांच्या मधेच. आवाज पूर्ण वाढवलेला. समोर छोट्या खुर्चीवर भिंगरी, शाळेत बसावं तशी ताठ, हात मांडीवर. आणि फ्रेमवाला रेडिओच्या जाळीवर तळहात ठेवून उभा. हाताला थरथर लागतेय, दिवा लागलाय, म्हणजे माणसं बोलतायत, असा त्याचा हिशोब. मला बघून तो खूश झाला. मोठ्या ऐटीत रेडिओकडे हात केला, बघा, माझ्याही घरात बोलणं आहे.

माझं भांडण घशातच राहिलं. भिंगरीने माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि "खsss" केलं. इतक्या दिवसांत ती तेवढंच शिकली होती. पोरीला वाटत होतं, माणसं असंच बोलतात.

मी पुढे होऊन काटा फिरवला. एक बाई हवामान सांगत होती. भिंगरी दचकली आणि तिने रेडिओच्या मागे जाऊन बघितलं. फ्रेमवाला माझ्याकडे बघत राहिला, काय केलंस, म्हणून. आता त्याला कसं सांगणार? मी टेबलावर सांडलेली साखर चिमटीत घेतली, त्याच्या तळहातावर चोळली, मघाची खरखर ही अशी होती म्हणून, मग रेडिओकडे बोट केलं आणि नाही नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या तोंडाकडे बोट केलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने मुलीकडे बघितलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. पाठ हलत होती. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की नवरा गेला तेव्हासुद्धा मी तशी रडले नसेन. त्या वेळी माणसं होती, सांत्वन करत होती. इथे त्याच्या पाठीशी बोलून काय उपयोग?

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या घरी जाऊन बोलायला लागले. आयुष्यभर सगळ्यांनी मला गप्प बस म्हटलं, आणि उतारवयात मला बोलायचं काम मिळालं. मी सुटलेच. भाजी निवडताना भाजीचं सांगितलं, केस विंचरताना केसांचं, खिडकीतून दिसेल त्याची निंदानालस्ती केली. कोणाची चप्पल घासत चालते, कोणाची छत्री उलटी होते, कोण उधार मागून तोंड चुकवतं. भिंगरी माझ्या तोंडाकडे असं बघायची की आजपर्यंत कोणी बघितलं नव्हतं. आणि रोज संध्याकाळी फ्रेमवाला मला हात शिकवायचा. पाणी, भूक, राग, उद्या. माझी बोटं संधिवाताची, मी "उद्या" म्हणायला जायची आणि भलतंच काहीतरी व्हायचं, मग बापलेक एकमेकांकडे बघून डोळ्यांनी हसायची.

त्याने घरातला आवाज बंद केला. बोलबाईने सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच वाटलं. मला हाताने विचारून घेतलं, मी कुठे कुठे आवाज करतो. मी काय, सगळंच सांगितलं, साठलं होतं ना इतक्या वर्षांचं. त्याने खुर्च्यांच्या पायांना फ्रेमच्या मागे लावतात ती मऊ पट्टी चिकटवली. दार हाताने धरून लावायला लागला. पोरीच्या कानावर फक्त बोलणं पडावं म्हणून तो माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा वावरायला लागला. मला सकाळी उशिरापर्यंत झोपायची मुभा मिळाली आणि झोप लागेनाशी झाली.

तपासणीला गेलो तेव्हा बोलबाईने एक चित्र दाखवून भिंगरीला विचारलं, हे काय आहे? भिंगरी म्हणाली, "मेली छत्री." बोलबाईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. पण शब्द तो शब्द. मुलगी घरीच राहू दे, छान चाललंय, असं त्यांनी लिहून दिलं. आजीला फोन मीच केला आणि तो करताना मला जो आनंद झाला तो लपवायचा मी मुळीच प्रयत्न केला नाही. फ्रेमवाल्याने त्या दिवशी दुकान उघडलं नाही. आम्ही तिघं नुसती नदीच्या पुलावर जाऊन उभी राहिलो आणि भिंगरी दोन्ही भाषांत बडबडत होती, माझ्याशी तोंडाने, त्याच्याशी हाताने. मला वाटलं, चला, जमलं बाई सगळं.

त्यानंतर भिंगरी दुकानात बापाचे कान झाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक बोलायचं, ती हातांनी सांगायची, तो लिहून उत्तर द्यायचा. लोक कौतुक करायचे, केवढीशी पोर आणि काय दुभाषी. मीही करायची. मला वाटायचं, याहून चांगलं काय असणार.

एकदा मी तिला दुकानात सोडायला गेले होते. एक गृहस्थ आपल्या वडिलांच्या फोटोची फ्रेम न्यायला आले होते. काचेच्या आत एका कोपऱ्यात धुळीचा कण राहिला होता. खरंच होता, नाही असं नाही. गृहस्थ बरोबरच्या माणसाला हसत हसत म्हणाले, बहिरटाला काम दिलं की असंच होणार, याची अक्कलही बहिरीच. चेहरा असा गोड ठेवून म्हणाले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, आभार मानतायत. माझं तोंड उघडणारच होतं. तेवढ्यात फ्रेमवाल्याने मुलीला विचारलं, काय म्हणतायत?

भिंगरीने त्या माणसाकडे बघितलं. मग बापाकडे. मग छोटे हात वर केले आणि म्हणाली, "फ्रेम खूप छान झालीय, म्हणतात."

पाच वर्षांची पोर. तिला कोणी शिकवलं हे? मी तर नाही. मी आयुष्यात कोणाचं वाईट बोलणं झाकून ठेवलं नाही.

फ्रेमवाल्याने मान डोलावली, हसला, गृहस्थांकडून फ्रेम परत घेतली, मागचे खिळे काढले, काच पुसली, परत बसवली. त्याला ओठ वाचता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळे नाही येत. पण काही शब्द असे असतात की ते त्याने जन्मभर लोकांच्या ओठांवर बघितले होते, आणि त्यातला एक त्याने तेव्हाही बघितला होता.  गृहस्थ गेल्यावर तो मुलीच्या हातांकडे बघत राहिला.

संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, हातांनीच, सावकाश, मला कळावं म्हणून, की भिंगरीला आजीकडे पाठवायचं. मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय. परत सांग म्हटलं. त्याने परत तेच सांगितलं. मग मात्र मी त्याला फैलावर घेतलं, अर्धं तोंडाने, अर्धं माझ्या मोडक्या हातांनी. डोकं फिरलंय का तुझं, एवढं करून पोर मिळवली आणि आता स्वतःच्या हाताने द्यायला निघालास? ती म्हातारी तिला एक हात उचलू द्यायची नाही. तुझी भाषा विसरेल ती. मग काय करशील?

तो थांबला, मी दमेपर्यंत. मग म्हणाला, "तिला कान मिळाले ते माझ्याबद्दल काय बोलतात हे ऐकायला नाही."

मी म्हटलं, दुकानात नको आणूस, झालं. तो म्हणाला, दुकान नाही तर बस. बस नाही तर बाजार. मी जिथे असेन तिथे लोक बोलतील, आणि मी जिथे असेन तिथे ती असेल. आज तिने पहिल्यांदा लपवलं. रोज लपवेल. माझ्याजवळ राहिली तर तिचं सगळं ऐकणं माझ्यासाठीच खर्च होईल.

 यावरचं उत्तर मी अजूनही शोधतेय. तो चुकला, असं मला शंभरदा वाटतं. शंभर वेळा वाटून झालं की वाटतं, आपण कोण ठरवणार?

आजी येऊन घेऊन गेली. भिंगरी जाताना रडली नाही, कारण तिला वाटलं होतं चार दिवसांसाठी चाललोय. बापाने तिच्या बॅगेत आईचा फोटो भरला, चांगली फ्रेम करून. बस वळेपर्यंत दोघं काचेतून बोलत होती. ऐकणारी माणसं बंद काचेतून बोलू शकत नाहीत, यांचं मात्र अडत नाही. मी शेजारी उभी होते आणि मला दोघांचंही कळत होतं. काही विशेष नव्हतं. स्वेटर घाल, दूध पी, असलंच. बस वळली तरी त्याचे हात काही वेळ चालूच होते.

नंतर फोनवर बघून बोलणं सुरू झालं. पण आजी फोन धरायची नाही, मग भिंगरीच्या एका हातात फोन आणि बोलायला एकच हात. अर्धी वाक्यं यायची. तो दोन्ही हातांनी भरभरून सांगायचा आणि समोरून एक हात कसाबसा हलायचा. पुढे पुढे तोही कमी झाला. ती तोंडाने बोलायला लागायची, वेगात, शाळेतलं, मैत्रिणींचं, आणि तो पडद्यावरच्या त्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत मान डोलवायचा. मी शेजारी बसून सांगायची. आधी तो नको म्हणायचा, मग नुसता वाट बघायला लागला, मी कधी सांगते याची.

दोन वर्षं उलटून गेल्यावर शाळेच्या सुट्टीत आजी तिला घेऊन आली. उंच झाली होती. बापाच्या गळ्यात पडली, बराच वेळ सोडेना. तो तर घरभर नुसता फिरत होता, हे आण, ते आण. दुपारी आजी आत झोपली. भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मी खुर्चीवर. फ्रेमवाला तिच्यासमोर येऊन बसला. जरा अवघडून. त्याने तिच्या खांद्याला हात लावला, तिने वर बघितलं आणि तो हातांनी काहीतरी म्हणाला.

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. हात ओळखीचे वाटत होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण अर्थ काही लागत नव्हता. त्याने परत केलं, अगदी सावकाश, मला करून दाखवायचा तसं. मग तिने माझ्याकडे मान वळवली.

"काकू, बाबा काय म्हणतायत?"

हे वाक्य त्या घरात ऐकायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.  पण मी सांगितलं. "बाबा विचारतायत, तुला माझा आवाज ऐकायचाय का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या वर्षांत मी भिंतीपलीकडून त्याचा आवाज किती वेळा ऐकला होता. पोर तान्ही होती तेव्हा तिला उंच उडवताना तो हसायचा, एकदम मोठ्याने, घसा फाटल्यासारखा, मधेच वर चढणारा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धडकी भरेल असा. तिला कान आल्यानंतर तो आवाज मी ऐकलाच नव्हता. खुर्च्यांना पट्ट्या लावल्या तेव्हाच त्याने गळाही बंद केला होता. लहानपणी त्याने हाक मारली की लोक वळून बघायचे आणि हसायचे. आपल्या आवाजाबद्दल त्याला एवढंच माहीत होतं. तो आवाज तिने ऐकू नये म्हणून त्याने हसणंसुद्धा सोडलं होतं, आणि आता कुठून धीर गोळा करून तिला विचारत होता.

भिंगरीचे डोळे मोठे झाले. "बाबांना आवाज आहे?"

मी ते त्याला हातांनी सांगितलं, जसंच्या तसं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. वाईट नव्हतं हो त्या चेहऱ्यावर काही, नुसतं नवल होतं. त्याचं तोंड थोडं उघडलं. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. मग त्याने तोंड मिटलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मान हलवलेली तिला कळली, तेवढ्यासाठी मी लागले नाही. "नाही ना? मला वाटलंच," असं म्हणून ती परत चित्र रंगवायला लागली.

आहे गं बाई, त्याला आवाज आहे, मी ऐकलाय, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला ओठ वाचता येतात. मी गप्प बसले.